आधी ब्रेक, मग स्टिअरिंग

भाच्याला घेऊन पुण्यात इनडोअर गो-कार्टिंगला गेले. गाड्या बॅटरीवरच्या, त्यामुळे बंद छताखाली धूर नाही. कार्टला डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं यंत्र, नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर (आसावर) सारख्याच वेगाने फिरतात. म्हणून वळणावर आतलं मागचं चाक जरा उचललं जायला हवं, नाहीतर गाडी सरळच जाऊ बघते. ब्रेक वळणाआधी, मग स्टिअरिंग! हे हातांना उमगलं तेव्हा केवढा आनंद झाला! पहिली कार्ट १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने बनवली, गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून.

व्हीआरमधली, म्हणजे डोळ्यांवरच्या चष्म्यात दिसणाऱ्या आभासी जगातली, रोलरकोस्टर मात्र मला नाही आवडली. डोळ्यांना वेग दिसतो, कानातला तोल म्हणतो बसूनच आहेस, मग मळमळतं.

"मावशी, परत कार्ट?" भाच्याने विचारलं. मी आधीच हेल्मेट उचललं होतं.