ओढ्याकाठची जागा कुणाची? : माझा अनुभव

आमची सोसायटी पुण्यातल्या आंबील ओढ्याला लागून आहे. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री कात्रजकडून आलेल्या लोंढ्याने ओढ्याकाठच्या कितीतरी सीमाभिंती पाडल्या, त्यात आमचीही गेली. भिंतीपलीकडे पायवाट आहे आणि तिच्या खाली पाणथळ पट्टा. तिथला राडारोडा उचलून आम्ही वाळा आणि करंज लावले, आता पाणकोंबड्या दिसू लागल्यात. हे टिकवायला पैसा लागतो. वर्गणीवर किती वर्षं चालणार? म्हणून महापालिकेच्या नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकात, म्हणजे नागरिकांनी आपल्या भागातली कामं सुचवायची त्या योजनेत, काम सुचवायचं ठरवलं. पुण्यात ही पद्धत 2006पासून आहे आणि एका कामाला 5 लाखांची मर्यादा असते. अर्ज सोपा होता. भरला, पोच घेतली.

मग तो अर्ज तपासणीसाठी ज्या कार्यालयात गेला तिथेच रुतला. "जागेच्या मालकीबाबत खुलासा व्हावा," एवढा एक शेरा. खासगी जागेवर पालिकेचा पैसा खर्च होत नाही, हा नियम मला पटतो. पण खुलासा कुणी करायचा? साहेब म्हणाले, "मॅडम, मोजणीची क प्रत आणा." म्हणजे सरकारी मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा. मोजणीला गेलो तर अर्ज मालकाच्या सहीने हवा. मिळकत पत्रिकेवर अजून मूळ जमीनमालकाचं नाव, कारण आमचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, बिल्डरने केलेलंच नाही. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांना हे दुखणं नवं नाही. आणि साहेबांच्या टेबलावर आमची फाइल तशीच. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. एकदा तर "पुढच्या वर्षी पुन्हा सुचवा की," असं ऐकावं लागलं. पावसाळा तोंडावर आलेला, भिंतीच्या जागी पत्रे उभे केलेले, तळमजल्यावरच्या आजी रात्री पाऊस वाढला की वर येऊन बसायच्या. तेव्हा जो संताप झाला तो अजून गेलेला नाही. ज्यांच्या दारात पाणी शिरतं त्यांनाच हद्दीचा पुरावा मागायचा, आणि तो पुरावा सरकारच्याच कपाटात असायचा!

तो तिथेच होता. महापालिकेत तेव्हा सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना कागदपत्रं पाहता यायची. आमच्या इमारतीच्या बांधकाम परवानगीची जुनी फाइल मी काढायला लावली. त्यात ताबापावती, म्हणजे जागेचा ताबा दिल्याचा कागद, सापडली. लेआउट मंजूर होताना ओढ्याकाठची पट्टी पालिकेकडे हस्तांतरित झालेली होती, नकाशावर रंगवून दाखवलेली. म्हणजे पायवाट आणि पाणथळ पट्टा पालिकेचा, भिंत मात्र आमच्या हद्दीत. ती पावती हातात आली तेव्हा मी तिथल्या बाकावर बसून शांतपणे दोनदा वाचली.

प्रमाणित प्रत हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द चालतात, त्यामुळे "ओढ्याची सगळी माहिती द्या" असं लिहू नका. सर्व्हे नंबर आणि फाइल क्रमांक घालून नेमका कागद मागा. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे.

पुढचं भराभर झालं. कामाचे दोन भाग केले. पायवाट, कठडा आणि काठावरची लागवड पालिकेकडे. भिंत आम्ही घरटी पैसे काढून बांधली, खाली पाणी निघायला भोकं ठेवून. हे भोकांचं कृपा करून विसरू नका. मागे पाणी तुंबलं की भिंत त्या दाबानेच कलते.

आणखी एक, जे अर्ज करतानाच सांगायला हवं होतं: नवं काम मागताना त्याच पत्रात देखभालही मागा. फरशी बसवायला पैसे निघतात, पण नंतर गवत काढायला, गाळ उपसायला कुणी येत नाही. कामाच्या आदेशात दोष दायित्व कालावधी किती ते विचारून ठेवा. तेवढ्या काळात खचलेली पायवाट ठेकेदारानेच दुरुस्त करायची असते. आमची एका कोपऱ्यात खचली. आदेशाची प्रत दाखवली आणि त्याच आठवड्यात त्याची माणसं येऊन काम करून गेली.

वाळा मात्र त्यांना कापू देऊ नका. त्याच्या मुळ्यांनीच तो काठ धरून ठेवलाय.