उशगुली: जिथे घराघराला स्वतःचा बुरूज

पुण्यातून जॉर्जियाला जाणारे बहुतेक जण तिबिलिसी, काझबेगी, बातुमी करतात आणि परत येतात, त्यात वाईट काही नाही, पण एवढं लांब जाणारच असाल तर स्वानेती सोडू नका. हा वायव्येकडचा डोंगराळ भाग. तिथल्या मेस्तिया गावापासून साधारण 45 किलोमीटरवर उशगुली. अंतर ऐकून वाटतं तासाभरात पोचू, पण छे. उंच डेलिका व्हॅन, एका बाजूला दरी, खाली एंगुरी नदी, आणि ड्रायव्हर एका हाताने फोनवर गप्पा मारतोय. बाबा पूर्ण रस्ताभर गप्प होते, उतरल्यावर फक्त म्हणाले, "ताम्हिणी परवडला."

उशगुली म्हणजे खरं तर चार वाड्या मिळून एक गाव: झिबियानी, च्विबियानी, चाझाशी आणि मुर्कमेली. उंची 2,100 मीटरच्या आसपास, आणि समोर श्खारा, जॉर्जियातलं सगळ्यात उंच शिखर, 5,000 मीटरच्या वर. युनेस्कोने अप्पर स्वानेतीला 1996 साली जागतिक वारसा यादीत घेतलं ते मुख्यतः चाझाशीमुळे.

आता बुरूज. आपल्याला बुरूज म्हटलं की किल्ला आणि राजा आठवतो, इथे तसं काही नाही, प्रत्येक घराण्याचा आपापला बुरूज. बरेचसे 9व्या ते 12व्या शतकातले. बाहेरच्या हल्ल्यांसाठी होतेच, पण खरं कारण भाऊबंदकी. खुनाचा बदला खून, आणि ते पिढ्यान् पिढ्या चालायचं. आपल्याकडे बांधाच्या वादात लोक कोर्टात जातात, हे लोक बुरुजात जाऊन बसायचे. 20-25 मीटर उंच, चार-पाच मजले, वर निमुळता होत जाणारा. दार मुद्दाम वरच्या मजल्यावर, शिडी लावून चढायचं आणि मग शिडी आत ओढून घ्यायची. आतही तसंच, प्रत्येक मजल्याला एक भोक, वर गेलात की शिडी वर घ्या आणि भोकावर दगड सरकवा, की बसा निवांत.

बुरुजाला लागून राहतं घर, त्याला माचुबी म्हणतात. ते नीट बघायचं तर मेस्तियात मार्गियानी घराण्याचं घर म्युझियम करून ठेवलंय तिथे जा. एकच मोठी अंधारी खोली, मधोमध चूल, चुलीच्या वर एक मोठी पाटी टांगलेली, ठिणग्या उडून छत पेटू नये म्हणून. भिंतीच्या कडेने गुरांचे कप्पे, पुढच्या फळ्यांवर इतकं बारीक कोरीव काम की देवघराला शोभेल, आणि गुरांच्या डोक्यावरच्या माळ्यावर माणसं झोपायची! आई लगेच, "अगं आमच्या भोरच्या घरात पण गुरं आतच असायची, थंडीत ऊब किती येते." गाईडला हे भाषांतर करून सांगितलं तर तो एवढा खूश झाला की आईला घरच्या कर्त्या पुरुषाची लाकडी खुर्ची दोनदा दाखवली.

उशगुलीत वरच्या टोकाला लामारियाचं चर्च आहे, छोटंसं, दगडी, आत जुनी भित्तिचित्रं. चर्च मेरीचं, पण स्वान लोकांसाठी लामारिया म्हणजे चूल आणि गुरं राखणारी. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

मला सगळ्यात काय आवडलं तर गाव चकाचक केलेलं नाही. गल्लीत चिखल, शेण, डुकरं मोकाट, जुन्या भिंतीला टेकवलेली सरपणाची रास. आमच्या पेठांत वाडा म्हटलं की एकतर तिकीट लावून बघायचा नाहीतर पाडून स्कीम करायची, मधलं काही सुचतच नाही कोणाला. इथे मधलं आहे, पण तेही किती टिकेल काय माहीत, कारण काही बुरूज अर्धे ढासळलेत आणि मधूनच चकचकीत पत्र्याची गेस्टहाऊसं डोकं वर काढतायत. तरी त्याच गेस्टहाऊसमध्ये आपण राहतो, तेव्हा फार बोलायलाही तोंड नाही.

जायचं तर जून ते सप्टेंबर, नंतर बर्फ. खायचं म्हणाल तर कुब्दारी प्रसिद्ध आहे पण त्यात मांस असतं, शाकाहारींनी ताशमिजाबी मागवा, बटाटा आणि चीज घोटून केलेलं, चमचा उचलला की हातभर तार येते. आणि तिथलं लसूण-मसाले घातलेलं स्वान मीठ बाजारातून नक्की घ्या, आमच्याकडे ते सध्या काकडीवर आणि पिठल्यावर दोन्हीकडे चाललंय.