अस्थिरोग वॉर्डात दारूच्या विड्रॉवलचा धोका ओळखताना : माझा अनुभव

अस्थिरोग वॉर्डात परिचारिका म्हणून रुजू झाल्यावर दारूच्या विड्रॉवलचा, म्हणजे नेहमीची दारू अचानक बंद झाल्यावर होणाऱ्या त्रासाचा, धोका तपासण्याचे काम माझ्याकडे आले. पाय मोडून आलेला रुग्ण दारूच्या उपचारासाठी आलेला नसतो; पण दाखल झाला, ऑपरेशनसाठी उपाशी राहिला, की त्याची दारू आपोआप बंद होते आणि ती कोणीही विचार करून बंद केलेली नसते.

‘दारू घेता का?’ असे नातेवाइकांसमोर विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘कधीतरी.’ म्हणून मी नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगते, भुलीसाठी आणि वेदनाशामक औषधांसाठी ही माहिती लागते हे आधी स्पष्ट करते आणि मग विचारते, ‘शेवटची कधी घेतली? सकाळी हात थरथरतात आणि घेतल्यावर थांबतात, असे होते का? पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का, भास झाले होते का?’ माझ्या मते रोज किती घेता यापेक्षा हा शेवटचा प्रश्न अधिक मोलाचा आहे, कारण ज्याला एकदा असा त्रास झाला आहे, त्याला तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते.

शेवटची दारू घेतल्याची वेळ केसपेपरवर ठळक लिहावी लागते, कारण पुढची सगळी गणिते तिथूनच मांडली जातात. थरथर, घाम, मळमळ आणि बेचैनी साधारण 6 ते 24 तासांत दिसू लागते, फिट बहुधा पहिल्या 48 तासांत येते आणि डिलिरियम ट्रेमेन्स (कंप, भास आणि तीव्र गोंधळलेपणाची गंभीर अवस्था) सहसा 48 ते 96 तासांच्या दरम्यान उद्भवतो. त्यामुळे दाखल होताना शांत दिसणाऱ्या रुग्णाविषयी निर्धास्त राहता येत नाही.

सुरुवातीला मला दोन मोजपट्ट्यांतला फरक समजून घ्यावा लागला. पीएडब्ल्यूएसएस (PAWSS) ही त्रास सुरू होण्याआधी धोका सांगते. तिच्यात 4 किंवा अधिक गुण आले की धोका जास्त मानतात. सीआयडब्ल्यूए-एआर (CIWA-Ar) मात्र त्या क्षणी त्रास किती तीव्र आहे, एवढेच सांगते : दहा बाबी, कमाल 67 गुण. दुसरीत गुण कमी आले म्हणून पहिलीतला धोका टळत नाही. या दुसरीतली एक बाब म्हणजे थरथर; ती पाहण्यासाठी रुग्णाला हात पुढे करून बोटे फाकवायला सांगतात. डोळ्यांना काहीच दिसले नाही, तरी आपल्या बोटांची टोके त्याच्या बोटांच्या टोकांना लावल्यावर कंप जाणवला, तर एक गुण द्यायचा असतो. नाडी आणि रक्तदाब या दहा बाबींत नाहीत; ते वेगळे नोंदवावेच लागतात, आणि बीटा-ब्लॉकर (नाडी मंद करणारे औषध) घेणाऱ्याची नाडी फसवी असू शकते.

आमच्या वॉर्डात मोठी अडचण वेगळीच. पडून आलेला माणूस बरळू लागला, तर ते डोक्याला लागल्यामुळे, जंतुसंसर्गामुळे, साखर कमी झाल्यामुळे की दारू थांबल्यामुळे? शिवाय गोंधळलेल्या रुग्णाकडून सीआयडब्ल्यूए-एआरची उत्तरे विश्वासाने मिळत नाहीत. अशा वेळी गुण मांडत न बसता मी थेट डॉक्टरांना बोलावते. थायमिन (जीवनसत्त्व बी-1), लोराझेपाम किंवा डायझेपाम (दोन्ही शांत करणारी औषधे) द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे ते ठरवतात. यकृत बिघडलेले असेल तर त्यांचा कल लोराझेपामकडे असतो. मी रात्रपाळीच्या परिचारिकेकडे रुग्ण सोपवताना शेवटच्या दारूची वेळ, शेवटचे गुण आणि पुढच्या तपासणीची वेळ एकाच ओळीत लिहून देते.