रोल नंबर ४७

एप्रिल २०२१ चा तिसरा आठवडा होता. प्रथम वर्ष बीएस्सीची वनस्पतिशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा, मुलं ५८, प्रत्येकाला आठ मिनिटं. सगळं एका दिवसात उरकायचं होतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत गुण पाठवायचे होते.

मी रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्यात सीनियर कॉलेजात शिकवते. ही ५८ मुलं मी तोवर नीट पाहिलेलीच नव्हती. कोविडमुळे त्यांचे प्रवेश ऑनलाइन झाले, वर्गही ऑनलाइन. फेब्रुवारीत निम्म्या संख्येने कॉलेजं उघडायची परवानगी आली तेव्हा जवळपासची काही मुलं दोन-चारदा येऊन गेली. लांबच्यांना वेळेवर गाडी नव्हती. महिन्याभरात पुन्हा दारं बंद झाली. एरवी ती मला दिसायची ती नावाच्या आद्याक्षरासारखी, काळ्या चौकोनात एकेक अक्षर. कॅमेरे मीच बंद ठेवायला सांगितले होते. दिवसाचा दीड जीबी डेटा, त्यात घरात दोन भावंडं शिकणारी, कॅमेरा लावला तर दुपारनंतरचा तास बुडणार.

घरबसल्या प्रॅक्टिकल कसं घ्यायचं, यावर मी बराच विचार केला होता. नुसते प्रश्न विचारायचे तर पुस्तक समोर ठेवून उत्तरं येतात. म्हणून सांगितलं, जास्वंदीचं एक फूल घेऊन बसा, दाढीचं ब्लेड ठेवा आणि त्या आठ मिनिटांपुरता कॅमेरा लावा. कोकणात जास्वंद नाही असं अंगण सापडणार नाही. शिवाय मालव्हेसी कुळ अभ्यासक्रमात होतंच.

त्या दिवसापर्यंत मी कुठे येऊन पोचले होते ते सांगायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले. आमच्याकडे १७ दिवस वीज नव्हती. त्याच दिवसांत मी बाजारपेठेतल्या एका जनरेटरवाल्याकडे फोन चार्जिंगला लावून तिथेच पायरीवर बसून अहवाल भरलेत. पुढे अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार की नाही हा घोळ. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, परीक्षा घ्यायच्या ठरल्या आणि बहुपर्यायी प्रश्नांच्या पेढ्या तयार करायचं काम आमच्या अंगावर आलं. एका घटकाचे प्रश्न काढून संपतात न संपतात तोच पुढच्या घटकाची मागणी. त्यात रोज घेतलेल्या तासांचा तक्ता, हजेरीचे स्क्रीनशॉट, किती व्हिडिओ चढवले त्याची नोंद, पालक शिक्षक म्हणून किती मुलांशी बोललात त्याचा अहवाल. माझ्या फोनवर कामाचे अकरा ग्रुप होते. रात्री साडेदहालाही ‘तातडीचे’ म्हणून मेसेज पडायचा, आणि मी उठून उत्तर द्यायची.

घरी एकच लॅपटॉप. मुलगा चौथीत, त्याची शाळा मोबाइलवर. नवऱ्याची एमआयडीसीतली शिफ्ट चालूच होती. तो आला की अंघोळ करून वेगळ्या खोलीत, कारण सासूबाईंना मधुमेह. माझ्यासारख्या हजारोंचं हेच चाललं होतं. मला पगार तरी मिळत होता. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारा एक तरुण सहकारी होता, प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झालेला, मुलांचा लाडका. कॉलेज बंद झाल्यावर त्याचे तास धरायचे की नाही, यावरच महिने गेले. मानधन रखडलं. मे महिन्यात तो पनवेलला टेम्पोतून आंब्याच्या पेट्या पोचवायला जायचा आणि संध्याकाळी येऊन ऑनलाइन तास घ्यायचा. त्याने कधी तक्रार केली नाही, आणि आम्हीही त्याला विचारलं नाही. ते न विचारणं मला आजही लागतं.

परीक्षा नऊला सुरू झाली. पहिल्या दहा-बारा जणांना मी नीट पाहिलं असावं, कारण त्यांची अंगणं मला आठवतात. एक मुलगा रेंजसाठी डोंगरावरच्या देवळात जाऊन बसला होता, फूल त्याने खिशात नेलेलं, ते चुरगळलेलं. त्याला मी धीर दिला, थांबले, हसलेही. दुपारी भात-आमटी लॅपटॉपसमोरच खाल्ली. तीनच्या पुढे मला फक्त फूल, हात आणि घड्याळ दिसत होतं. कोणी अडलं की मी पुढचा प्रश्न विचारायची, कोणाचं नेट गेलं की शेवटी टाकायची.

४७ नंबर चारच्या सुमाराला आला. मुलगी पडवीत बसली होती, मागे शेणाने सारवलेली भिंत. समोर स्टीलच्या ताटलीत पाच फुलं. बाकी सगळ्यांनी एकेकच आणलेलं, म्हणून मी म्हटलं, ‘‘अरे वा, पाच?’’

ती म्हणाली, ‘‘सुतक आहे ना मॅडम. देवाला वाहायची नाहीत, म्हणून झाडावरच राहिलीत सगळी.’’

मी म्हटलं, ‘‘छान. एक घे आणि एपिकॅलिक्स दाखव.’’

तिने दाखवला. हिरव्या निदलांच्या खालची ती बारीक पट्ट्यांची दुसरी ओळ, नखाने एकेक पट्टी वेगळी करून मोजली. पाकळ्या काढून ताटलीच्या कडेला एकावर एक ठेवल्या. पुंकेसरांची नळी ब्लेडने उभी चिरली, अगदी जपून, वरवरच, म्हणजे आतला कुक्षीवृंत कापला जाऊ नये. पहिल्या वर्षाची मुलं इथे हमखास जोर लावतात आणि सगळंच दोन तुकडे होतं. हिने नळी उघडली आणि आतला तो पांढरा धागा अखंड बाहेर काढून दाखवला, टोकाला पाच लाल मखमली ठिपके. मग अंडाशयाचा आडवा छेद घेतला. कॅमेऱ्याजवळ आणला तेव्हा पाच कप्पे स्वच्छ दिसले. अंडाशयात बीजांडं कशी जोडलेली असतात ते मी विचारलं, ‘‘प्लासेंटेशन कुठलं?’’ ती म्हणाली, ‘‘अ‍ॅक्झाइल.’’ मध्ये एकदा आवाज गेला, परत आला. आठ मिनिटं झाली. मी तिला ‘‘ठीक आहे’’ म्हटलं आणि ४८ ला आत घेतलं.

शेवटचा मुलगा सव्वासहाला संपला. स्वयंपाक झाला, मुलाचा गृहपाठ झाला, साडेदहाला गुण भरायला बसले. परीक्षा घेताना मी प्रत्येकासमोर एक ओळ टिपण लिहीत होते, कशाबद्दल किती गुण दिले ते लक्षात राहावं म्हणून. एकेक ओळ वाचत गुण पक्के करत होते. ४७ समोर लिहिलं होतं: ‘फुलं भरपूर. सुतक. छेद उत्तम. १७.’

‘सुतक’ हा शब्द मी स्वतः टाइप केला होता. ऐकला, कळला म्हणून तर लिहिला. आणि तो शब्द मी ‘छेद उत्तम’च्या शेजारी ठेवून पुढे गेले होते. त्या दिवसांत आमच्या भागात रोज कुठेतरी माणूस जात होतं, ऑक्सिजनच्या खाटेसाठी लोक रात्र-रात्र फोन करत होते. ‘‘कोण गेलं गं?’’ एवढं विचारायला मला दोन सेकंद लागली असती. एरवी, समोरासमोर, प्रयोगशाळेत, मी हातातलं ब्लेड खाली ठेवून तिच्या टेबलापाशी गेले असते. सोळा वर्षं मी तशीच शिकवत आले होते.

मी फोन हातात घेतला, घड्याळात साडेअकरा वाजले होते. अशा घरी त्या वेळी फोन करणं बरं दिसलं नसतं. अंथरुणावर पडून राहिले, झोप लागली नाही.

त्या रात्री मला एक वाचलेली गोष्ट आठवत राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली. त्याला आजार म्हटलेलं नाही. नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. तिच्या तीन खुणा: पार गळून जाणं, आपल्या कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. हा शब्द १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या कार्यकर्त्यांकडे पाहून वापरला. म्हणजे पोटतिडकीने काम करणाऱ्यांकडे पाहून. पहिली खूण मला केव्हाच माहीत होती. पाठ दुखते, डोळे चुरचुरतात, ते कोणालाही सांगता येतं. दुसरी अशी दिसते हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, मन तुटलेला शिक्षक वर्ग टाळत असेल, मुलांवर खेकसत असेल. मी तर ५८ परीक्षा वेळेत घेतल्या होत्या आणि गुण चोख दिले होते.

सकाळी सात वाजता फोन केला. तिच्या आईने उचलला आणि काही न बोलता तिच्याकडे दिला.

‘‘बाबा गेले मॅडम. सोमवारी. पनवेलला रिक्षा चालवायचे. आम्हाला बघायला मिळालं नाही, तिकडेच केलं सगळं.’’

‘‘मग तू कालची परीक्षा का दिलीस? मला सांगायचं ना, पुढे ढकलली असती.’’

ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘‘मॅडम, मध्येच आवाज गेला होता माझा. त्याचे मार्क कापलेत का?’’

मी ‘‘नाही, अजिबात नाही’’ म्हणाले. त्यापुढे मला बोलता येईना. तिनेच विचारलं, ‘‘मॅडम, तुमच्या घरी सगळे बरे आहेत ना?’’

दोन दिवसांनी आमची ऑनलाइन बैठक होती. त्याआधीच्या रविवारी आमच्यासाठी ताणव्यवस्थापनाचं व्याख्यान ठेवलेलं होतं, हजेरी सक्तीची, शेवटी फॉर्म भरला की प्रमाणपत्र. व्याख्याते मनापासून बोलत होते, पण ते श्वासाचा व्यायाम सांगत असताना मी दुसऱ्या खिडकीत प्रश्नपेढी भरत होते आणि बहुतेकांचं तेच चाललं असणार. बैठकीत माझी पाळी आली तेव्हा मी ४७ नंबरची गोष्ट सांगितली, नाव न घेता. म्हटलं, आम्हाला व्याख्यान नको, वेळ द्या. रोजचा तक्ता बंद करा. एका दिवसात ५८ मुलांची तोंडी परीक्षा कोणालाही देऊ नका. रात्री आठनंतर ग्रुपवर काम टाकू नका. आणि तासिका तत्त्वावरच्या मुलांचं मानधन आधी काढा.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एका ज्येष्ठ बाईंनी माइक चालू केला आणि सांगितलं की त्यांच्या भावाला जाऊन नऊ दिवस झाले होते, आणि त्या नऊ दिवसांत त्यांनी एकही तास चुकवला नव्हता. हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. प्राचार्य सरांचा आवाज बसलेला होता. ते म्हणाले, ‘‘वरून मागतात हो, मी तरी काय करू?’’ पण रोजचा तक्ता आठवड्याचा झाला, आणि द्वितीय वर्षाच्या परीक्षा चार दिवसांत विभागल्या गेल्या. आठनंतरचे मेसेज महिनाभर थांबले, मग पुन्हा सुरू झाले. मानधनाचं त्या वर्षी काही झालं नाही. त्या सहकाऱ्याने जुलैत शिकवणं सोडलं.

२० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं पुन्हा उघडली. दिवाळीनंतर माझं द्वितीय वर्षाचं पहिलं प्रॅक्टिकल लागलं. प्रयोगशाळेत ओलीचा वास येत होता, छेद रंगवायच्या सॅफ्रॅनिनची बाटली तळाशी सुकून गेली होती. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. पटावर तिचं नाव आलं तेव्हा ती तिसऱ्या टेबलाच्या कडेला उभी होती. चेहरा मला ओळखू आला नसता. हात ओळखले. मी तिला पुढे बोलावून घेतलं, आई कशी आहे विचारलं. आई आता आंबोळ्या करून एसटी स्टँडवर विकते म्हणाली, आणि मोठा भाऊ बाबांची रिक्षा चालवतो.

मग मी उरलेली हजेरी घेतली. प्रत्येक नावाला मान वर करून, मुलगा किंवा मुलगी दिसेपर्यंत थांबून, घरी सगळे बरे आहेत का ते विचारून. सात जणांनी मान खाली घातली. कांद्याच्या मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन दाखवायचं होतं, मुळं सकाळीच कापून ठेवली होती. तास संपला तेव्हा ती बाटलीत तशीच होती. प्रयोग दुसऱ्या दिवशी घेतला.