नोंद चौथी: पँगाँगवरून वाल्खेनझेवर उतरलो

डोंगरातल्या एखाद्या तळ्यात स्कूबा डाइव्ह करायची हौस आहे, म्हणून मागच्या नोंदीत लडाखच्या पँगाँग सरोवराचं नाव घेऊन 'बघू या' असं लिहिलं होतं. बघितलं. पँगाँग रद्द.

त्या सरोवरातून प्रत्यक्ष ताबारेषा जाते, तिथे पाठीला सिलिंडर लावून कोण उतरू देणार हा प्रश्न होताच. पण माझी हौस त्याआधीच वहीतल्या गणिताने जिरवली. समुद्रावर हवेचा दाब १ बार, म्हणून १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट. पँगाँग ४२०० मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब ०.६ बारच्या आसपास. म्हणजे ६ मीटरवरच दुप्पट. अंगात मुरलेल्या नायट्रोजनला खोलीचे मीटर कळत नाहीत. वर येताना दाब किती पटीने उतरला, एवढंच त्याला कळतं, आणि फार झपाट्याने उतरला तर अंगातच त्याचे बुडबुडे होतात. मालवणात करतो ती १८ मीटरची साधी डाइव्ह तिथे टेबलात (किती खोल, किती वेळ राहायचं याचा तक्ता) ३० मीटरची धरावी लागेल. लॉगबुकात सत्तावीस डाइव्ह असलेल्या माणसाने हे करू नये.

मग मेव्हण्याने (तोच माझा बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, सातपूरला कंपनीत आहे) ऑस्ट्रियाच्या ग्र्यूनर झेचा व्हिडिओ पाठवला. तुम्हालाही आला असणार: पाण्याखाली हिरवळ, बाकडं, लाकडी पूल. बर्फ वितळला की तिथलं तळं फुगतं आणि बाग बुडते. "दाजी, हेच!" म्हणे. त्याला सांगितलं, बाबा, २०१६ पासून तिथे डाइव्हिंगला बंदी आहे. व्हिडिओ मात्र अजून फिरतोय.

शेवटी ठरलं जर्मनीत बव्हेरियातलं वाल्खेनझे हे तळं. म्युनिकच्या दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याच्या डोंगरात. उंची ८०२ मीटर, खोली सुमारे १९० मीटर. दोनशे मीटर खाली कोखेलझे नावाचं दुसरं तळं आहे, आणि वरचं पाणी खाली सोडून तिथे १९२४ पासून वीज बनते. खालचं तळं जवळपास ६०० मीटरवर, म्हणजे साधारण आपल्या नाशिकच्याच उंचीचं. हे वाचल्यावर ती जागा एकदम ओळखीची वाटायला लागली.

गणितही झेपणारं आहे. तिथे दाब ०.९२ बार, म्हणून १८ मीटरचे टेबलात साडेएकोणीस होतात. गोड्या पाण्यामुळे त्यातलं थोडं कमी होतं, पण मी सरळ २० धरणार. परत येताना केसेलबर्गचा घाट चढायचा तोही पन्नास-साठ मीटरच, मग उतारच उतार. डोंगरातलं तळं निवडताना हे बघत जा. नुसती तळ्याची उंची बघून भागत नाही, डाइव्हनंतर घरी जायचा रस्ता किती वर चढतो तेही मोजावं लागतं.

हे लिहिताना माझीच एक जुनी चूक आठवली. बॅटरी बदलून डाइव्ह कॉम्प्युटर (मनगटावर खोली-वेळ मोजणारं यंत्र) घरी, निफाडला, चालू केला तर कोपऱ्यात डोंगराचं चिन्ह! मला वाटलं बिघडला. बिघडला नव्हता. उंचीवरच्या डाइव्हचे नियम ३०० मीटरपासूनच लागू होतात आणि आम्ही साडेपाचशेवर राहतो. म्हणजे इतकी वर्षं सकाळी मालवणात डाइव्ह करून संध्याकाळी गाडीला स्टार्टर मारत होतो, आणि गगनबावड्यावरून या नाहीतर कसाऱ्यावरून, घाट चढतच होतो. डॅन या डाइव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेच्या सूचना डाइव्हनंतर ६०० मीटरच्या पुढच्या उंचीसाठी आहेत: एकच डाइव्ह असेल तर १२ तास थांबा, जास्त असतील तर १८. या मे महिन्यापासून शेवटच्या डाइव्हनंतर एक मुक्काम सक्तीचा. सोलकढी प्यायला तेवढंच निमित्त.

बऱ्याच जणांनी विचारलं, गंगापूर धरण काय वाईट, भंडारदरा काय वाईट? एक तर ते प्यायचं आणि शेतीचं पाणी, परवानगीशिवाय उतरायचं नाही. आणि दिसणार काय? बागाईतदाराच्या भाषेत सांगतो. माझं शेततळं हिरवंगार का होतं? खत उतरतं, शेवाळ माजतं. वाल्खेनझेचं पाणी उपाशी आहे. त्यात नत्र-स्फुरद नावालाच, म्हणून शेवाळ नाही, म्हणून नजर लांबवर जाते.

आता खरी अडचण, थंडी. सप्टेंबरात वरचं पाणी पोहण्याजोगं असतं, पण पंधरा-वीस मीटरखाली तापमान एक आकडी. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड, त्यामुळे गार पाणी तळाशी बसून राहतं. जानेवारीत निफाडचा पारा खाली गेला तेव्हा पहाटे सरावाला विहिरीत उतरलो. पाण्यातून वाफा येत होत्या! कोमट. स्वतःवरच हसलो, कारण गारठ्यात द्राक्षांना पहाटे विहिरीचं पाणी सोडतो ते त्याच ऊबेसाठी. सरावाच्या नावाने शून्य, अंघोळ मात्र झकास.

मग निळं पिंप आणलं (नवं, फवारणीचं नव्हे). त्यात पाणी, वर तीसेक किलो बर्फ, थर्मामीटर ६ अंशावर. पाच मिलिमीटरचे हातमोजे घालून कोपरापर्यंत हात आत, आणि वेट बेल्टचं (बुडण्यासाठी कमरेला लावायच्या शिशाच्या पट्ट्याचं) बक्कल लावायचं-सोडायचं. पहिल्या दिवशी चार मिनिटांत बोटं परकी झाली. परवा नऊ मिनिटं टिकलो, पण छोटी क्लिप अजून जमत नाही. जमेपर्यंत क्लिपांना मोठे दोरीचे फास लावतोय.

रेग्युलेटर (सिलिंडरातली हवा तोंडात देणारं यंत्र) मात्र इथूनच बाद. भिंग लावून बघितलं, ईएन २५० (रेग्युलेटरचं युरोपियन मानक) च्या पुढे '१० अंशांपेक्षा जास्त' असं कोरलंय. सिलिंडरातली दोनशे बारची हवा सुटताना प्रसरण पावते आणि यंत्र आणखी गार पडतं. आत बर्फ धरला की वाल्व्ह उघडाच राहतो आणि हवा भसाभसा निघून जाते. त्यामुळे गार पाण्याचा सेट तिथेच भाड्याने घेणार, दोन वाल्व्हच्या सिलिंडरवर दोन स्वतंत्र रेग्युलेटर. ड्रायसूटचा (अंग कोरडं ठेवणारा पोशाख) कोर्सही तिथेच. शिशाचा हिशोब त्यानंतर: गोड्या पाण्यात अडीच टक्के तरंग कमी म्हणून मला दोन-सव्वादोन किलो उतरवायचे, आणि ड्रायसूटच्या आतल्या जाड कपड्यांमुळे त्याहून जास्त परत चढवायचे.

तारीख सप्टेंबरचा पहिला आठवडा. त्यानंतर द्राक्षांची गोडी छाटणी सुरू होते, मग बाग सोडून हलता येत नाही. व्हिसाची फाइल उघडली आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे कमाई कशी दाखवायची यावर मेव्हणा आणि मी दोन संध्याकाळी घालवल्या. मालवण पावसाळ्यात बंद, म्हणून मेअखेर तिथे सहा डाइव्ह उरकायच्या, सगळ्या हातमोजे घालून. तिथे लोक हसतील, हसू देत.

पिंपाचा पुढचा सराव रविवारी. बर्फ जरा जास्त आणायचाय, कारण माझे हात बाहेर आले की आई त्याच पाण्यात आंबे टाकते.