कसारा घाट, सायकलवरून

200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची म्हटलं की नवीन माणूस आधी घाटाचं विचारतो. मीही तेच विचारलं होतं. आमच्या सायकल क्लबमधले एक काका हसले आणि म्हणाले, "घाटाचं सोड. आटगाव ते कसारा रस्ता कधी नीट बघितलायस?" नव्हता बघितला. गाडीतून जाताना तो सपाटच वाटतो.

आधी वेळेचा हिशोब सांगते, कारण सगळी राइड त्यावरच चालते. बीआरएम म्हणजे शर्यत नव्हे, पहिला-दुसरा नंबर कोणालाच मिळत नाही. 200 किलोमीटरला साडेतेरा तास. त्यात चहा, पंक्चर, लघवी, सिग्नल सगळं आलं. मधल्या कंट्रोललाही, म्हणजे वाटेत शिक्का घ्यायच्या ठिकाणालाही, बंद होण्याची वेळ असते, आणि 100 किलोमीटरवरचा कंट्रोल 6 तास 40 मिनिटांनी बंद होतो. म्हणजे ताशी 15 चा वेग, तोही थांबे धरून. बाहेरून मदत घ्यायची तर फक्त कंट्रोलवर. मध्येच नवऱ्याने गाडीतून केळी आणून दिली तर ते नियमात बसत नाही.

तयारी ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावर झाली. उपवनपासून वर, खाली, पुन्हा वर. दर रविवारी क्लबचा कोणी ना कोणी सोबत असायचाच. "जोर लावू नकोस, पाय फिरव," एवढंच सगळे सांगायचे आणि ते कंटाळवाणं वाटायचं.

जानेवारीत सकाळी सहाला ठाण्यातल्या माजिवड्याहून सुटलो. अंधार होता. सुटायच्या आधी हेल्मेट, रिफ्लेक्टर जॅकेट, पुढचा-मागचा दिवा तपासून हातात शिक्के घ्यायचं ब्रेव्हे कार्ड दिलं. वडप्यापर्यंत कंटेनर आणि रस्त्याच्या कामाची धूळ. त्याबद्दल जास्त काय लिहायचं, ठाणेकरांना पाठ आहे. पडघ्याच्या पुढे उजाडलं आणि आसनगावला डावीकडे माहुलीचे सुळके दिसले, तेव्हा कुठे बरं वाटलं.

मग काकांचा रस्ता आला. आटगाव, खर्डी, पुढे कसारा. उतार लागतो तेवढ्यात चढ, चढ संपतो तेवढ्यात पुन्हा उतार. एकही चढ असा नाही की ज्याचं नाव घेऊन रडावं. म्हणूनच माणूस प्रत्येक चढ मोठ्या गिअरवर मारून नेतो आणि मांड्या तिथेच संपतात. माझ्यापुढे गेलेली दोन तरणी मुलं खर्डीच्या पुढे पुलाखाली पाय दाबत बसलेली दिसली. आमच्या क्लबची सहा-सात जणं एका रांगेत होती, पुढचा थकला की मागचा पुढे. वारा एकट्याने खायचा नाही, हा क्लबचा खरा उपयोग. ग्रुप राइडला बीआरएममध्ये मनाई नाही.

घाटात मात्र रांग आपोआप मोडते, कारण प्रत्येकाचा दम वेगळा. कसाऱ्याहून इगतपुरीला जाणाऱ्या रेल्वेला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. तिथला रेल्वेचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटरला 1 मीटर वर. रस्त्याचा चढ त्याहून उभा, आणि मला मागून ढकलणारं कोणी नाही. पुढे 34 दात, मागे 32, सगळ्यात हलका गिअर टाकला आणि फिरवत राहिले. माझ्या शेजारून लोखंडाच्या सळ्या भरलेला एक ट्रक जवळजवळ माझ्याच वेगाने चढत होता. क्लीनर खिडकीतून ओरडला, "ताई, धरा मागनं, वर सोडतो!" मोह झाला. पण वाहन धरलं की राइड बाद. "राहू द्या दादा," म्हटलं, तर तो हात जोडून हसला. माकडं कठड्यावर बसून सगळं बघत होती. तासाभराच्या आत मी घाटनदेवीपाशी होते, आणि खरं सांगायचं तर पाय अजून बोलत नव्हते. येऊर याहून उभा आहे.

इगतपुरीत ताक आणि मिठाचे उकडलेले बटाटे, पुढे घोटीच्या अलीकडे कंट्रोलवर शिक्का, आणि तिथूनच त्याच रस्त्याने परत. घड्याळात वीसेक मिनिटं हातची होती. आता समृद्धी महामार्गाच्या जवळपास 8 किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या हा सगळा डोंगर काही मिनिटांत ओलांडतात. आम्हाला तिथे प्रवेश नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

परतीचा घाटातला उतार हा खरा भीतीचा भाग. रंबलरवर, म्हणजे रस्त्यावरच्या आडव्या उंच पट्ट्यांवर, हँडल थरथरतं, मागून ट्रकच्या ब्रेकचा जळका वास येतो. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. थोडा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. खाली पोचल्यावर बोटं सरळ होईनात. त्यानंतर तेच खर्डी-आटगाव, यावेळी दुपारच्या उन्हात. शहापूरपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. ओआरएसची बाटली तेवढी फिरत होती. काका दर अर्ध्या तासाने उरलेले किलोमीटर आणि उरलेली मिनिटं सांगायचे. बाकी धीर देणं वगैरे काही नाही, आणि तेच बरं होतं.

साडेसातच्या आत माजिवडा गाठायचं होतं. सात वाजायच्या थोडं आधी आमची सगळी रांग पोचली. कार्डावर वेळ लिहून, सही करून ते परत द्यायचं. पुढे निकाल पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबकडे जातो, तिथून मंजुरीचा क्रमांक येतो. मेडल हवं तर त्याचे पैसे वेगळे. मी भरले.

आता पुढची 300 किलोमीटरची बीआरएम. तिला वीस तास असतात. म्हणजे परतीचा घाट बहुधा अंधारात. काकांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारलं, "दिव्याची बॅटरी किती तास चालते?"