रीडबॅक करेक्ट

भाचीचं माझ्याच क्षेत्रात, एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये सिलेक्शन झालं. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, रीडबॅक म्हणजे आपण सांगितलेलं पायलटने परत म्हणून दाखवायचं, एवढंच ना? मग तेव्हा आपल्याला काय काम?"

फोन ठेवला तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

विमान स्टँडवर उभं असतानाच पायलट क्लिअरन्स मागतो. कुठल्या मार्गाने जायचं, उडाल्यावर कुठे वळायचं, किती उंचीपर्यंत चढायचं, रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर कुठला चार आकडी कोड लावायचा, हे सगळं त्यात येतं. ही डिपार्चर क्लिअरन्स. प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी ही नव्हे. ती टॉवर वेगळी देतो, धावपट्टी मोकळी आहे याची खात्री करून. पण 'क्लिअर्ड' हा शब्द दोन्हीकडे येतो, आणि घाईत असलेल्या माणसाला तेवढाच ऐकू येऊ शकतो.

27 मार्च 1977, टेनेरिफ बेटावरचा लॉस रोडिओस विमानतळ. शेजारच्या ग्रान कनारियाच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे तिकडची विमानं इथे वळवलेली. छोटं विमानतळ, उतरलेला ढग, टॉवरमधून धावपट्टी दिसत नाही, जमिनीवरचं रडार नाही. केएलएमचं जम्बो धावपट्टीच्या टोकाला उड्डाणाच्या तयारीत उभं आणि पॅन ॲमचं जम्बो त्याच धावपट्टीवरून टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून चालत येतंय. अशा वेळी कंट्रोलरने केएलएमला मार्गाची क्लिअरन्स दिली. त्यात 'टेक-ऑफनंतर उजवीकडे वळा' असं होतं. को-पायलट अजून रीडबॅक देत होता, तेवढ्यात कॅप्टनने विमान हाकलंसुद्धा. रीडबॅकच्या शेवटी को-पायलट म्हणाला, "वी आर नाऊ ॲट टेक-ऑफ."

डच माणूस, इंग्रजी वाक्य, ऐकणारा स्पॅनिश. को-पायलटला म्हणायचं होतं, आमची धाव सुरू झाली. कंट्रोलरला कळलं, उड्डाणाच्या जागेवर उभे आहेत. मराठीत आपण चपला घालता घालता फोनवर "निघालो" म्हणतो आणि निरोप घेताना "येते" म्हणतो. घरच्यांना ते बरोबर कळतं, कारण ते घरचे असतात. रेडिओवर कुणी घरचं नसतं.

कंट्रोलर म्हणाला, "ओके." मग जेमतेम दोन सेकंद गेले आणि पुढे, "स्टँड बाय फॉर टेक-ऑफ, आय विल कॉल यू." नेमक्या त्याच वेळी पॅन ॲमवाले सांगत होते, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. एकाच फ्रीक्वेन्सीवर दोघं एकदम बोलले, की ऐकणाऱ्याला नुसती शिट्टी ऐकू येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' पोचलं, बाकीचं त्या शिट्टीत गेलं. अर्ध्या मिनिटात टक्कर. 583 माणसं.

त्यानंतर नियम झाला. 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त ती परवानगी देताना किंवा मागे घेताना उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर'. अलाहाबादच्या ट्रेनिंग कॉलेजात हे आमच्याकडून घोटून घेतलं होतं. पण मला आजही त्या 'ओके'चं वाईट वाटतं. ते कुणीही म्हणालं असतं. मीही म्हणाले आहे.

माझी गोष्ट पहिल्या पोस्टिंगची. विमानतळाचं नाव नको. पावसाळी सकाळ, एकामागून एक फ्लाइट क्लिअरन्स मागताहेत. समोर कागदी स्ट्रिप्स, प्रत्येक फ्लाइटची एक. सांगितलेला एकेक आकडा पायलट परत म्हणेल तशी त्यावर पेन्सिलीने टिक करायची, ही पद्धत. मी एकाला लेव्हल, म्हणजे चढायची उंची दिली, 'वन झीरो झीरो', म्हणजे दहा हजार फूट. त्याने रीडबॅक दिला आणि मी म्हटलं, "रीडबॅक करेक्ट." शेजारच्या खुर्चीवर आमचे सीनियर हेडसेट लावून बसले होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"वन झीरो झीरो, सर."

"पुन्हा विचारा."

विचारलं. तो म्हणाला, 'वन वन झीरो'. विमान अजून स्टँडवरच होतं, दुरुस्ती झाली, काहीही बिघडलं नाही. दुपारी सरांनी टेप ऐकवली. 'वन वन' इतकं स्वच्छ होतं की माझा विश्वास बसेना. स्ट्रिप काढून बघितली तर तिन्ही आकड्यांवर टिक होती. तो बोलत होता तेव्हा माझी नजर मी लिहिलेल्या आकड्यावर होती, आणि कानांनी तेच ऐकलं. सर एवढंच म्हणाले, "टिक हाताने नाही करायची, कानाने करायची."

क्वालालंपूरजवळ 19 फेब्रुवारी 1989 ला मालवाहू जम्बोला सांगितलं होतं 'टू फोर झीरो झीरो', म्हणजे 2400 फुटांवर उतरा. कॅप्टनने त्या आकड्यातल्या 'टू'चा अर्थ 'पर्यंत' असा घेतला आणि उत्तर दिलं, "ओके, फोर झीरो झीरो." म्हणजे 400 फूट. कुणी अडवलं नाही. विमान डोंगरावर गेलं, चौघं गेले. चूक रीडबॅकमध्ये धडधडीत ऐकू येत होती.

काल भाचीला पुन्हा फोन केला. म्हटलं, तू कंट्रोलर, मी पायलट. दे मला क्लिअरन्स. तिने कागदावरून छान वाचली. मी रीडबॅक देताना कोडचे शेवटचे दोन आकडे उलटे केले.

"रीडबॅक करेक्ट," ती म्हणाली.

"पुन्हा."

दुसऱ्या वेळी मी उजवीकडच्या वळणाचं डावं केलं. तेही सुटलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "थांब मावशी, कागद उलटा ठेवते."

तिसऱ्या वेळी मी पाच हजारांचे सहा हजार केले. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग ठामपणे आवाज आला, "निगेटिव्ह."